फ्लू : ताप उतरल्यानंतरच्या दोन दिवसांबद्दल

पाऊसवेडी · ९ जुलै, रात्री १०:१५

लेक कालपासून तापाने फणफणलाय. शाळेतून आला तेव्हा छान होता, बशीभर पोहे खाल्ले, खाली खेळायलाही गेला. सातच्या सुमारास वर आला तो चपला न काढताच आजीच्या गादीवर आडवा झाला. "आई, पाय दुखतायत." हात लावला तर चटका बसला. १०२.६. ना शिंक, ना नाक गळणं. आज सकाळपासून कोरडा खोकला सुरू झालाय आणि डोकं उचलवत नाही म्हणतो. त्याच्या वर्गातली सहा मुलं घरी आहेत. डॉक्टरांनी तपासलं, फ्लूच दिसतोय म्हणाले.

तो होईल बरा. धागा काढलाय तो गेल्या वर्षीच्या आठवणीने.

गेल्या जुलैत आमच्याकडे असाच फ्लू आला होता. आधी मला, मग माझ्या सासऱ्यांना. अप्पा ७१ वर्षांचे, मधुमेह आहे. मला १०३ ताप होता, अंग ठेचून काढल्यासारखं दुखत होतं, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. अप्पांचा ताप १००.२ च्या वर कधी गेलाच नाही, आणि तिसऱ्या दिवशी तोही उतरला. चला, सुटलो, असं वाटलं. चौथ्या दिवशी ते दिवसभर झोपून होते. जेवायला उठवलं तर दोन घास खाऊन परत आडवे. "तापाचा अशक्तपणा आहे, दोन दिवस जाईल," हे मीच घरात सगळ्यांना सांगितलं.

पाचव्या दिवशी सकाळी चहा दिला तेव्हा त्यांनी मला नणंदेच्या नावाने हाक मारली. कप तोंडापर्यंत नेताना हात थरथरत होता. "साखर कमी आहे" एवढं बोलताना मधे थांबून श्वास घेतला. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटात होता, त्यातले सेल गंजलेले. शेजारून नवे आणून लावला तर ८९. न्यूमोनिया. नऊ दिवस रुग्णालयात, त्यातले चार आयसीयूत. अप्पा घरी परत आले, आता सकाळचं फिरणंही सुरू आहे. पण तिथल्या डॉक्टरांनी केस पेपर लिहिता लिहिता विचारलेलं अजून कानात आहे : "काल दिवसभर ते झोपून होते, तेव्हा कोणाला वेगळं वाटलं नाही का?"

वाटलं होतं. ताप नव्हता म्हणून मी ते बाजूला सारलं.

यंदा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, आजारी माणसाचं रोजचं लिहायला सुरुवात केली आहे. ताप, श्वास, किती वेळा लघवी, काय खाल्लं. फ्लू ओळखायचा कसा, घरी आराम कसा द्यायचा आणि कुठल्या क्षणी घर सोडायचं, याबद्दल तुमचे अनुभव लिहा. ज्यांना वैद्यकीय माहिती आहे त्यांनी जरूर लिहा.

चिंचेचं झाड · ९ जुलै, रात्री १०:५०

ताई, वाचून पोटात गोळा आला. अप्पा बरे आहेत हे फार छान. लेकाला लवकर बरं वाटू दे.

माझा प्रश्न अगदी साधा आहे. आमच्याकडे पावसाळ्यात कोणालाही कणकण आली की "व्हायरल आहे" म्हणून मोकळे होतात. साधी सर्दी, फ्लू आणि डेंग्यू, घरच्या माणसाने वेगळं ओळखायचं कसं? गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत दोघांना डेंग्यू निघाला, त्यामुळे धास्ती आहे.

स्टेथो · १० जुलै, सकाळी ६:२०

मी नाशिकला मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. ओपीडी सुरू व्हायच्या आधी लिहितो.

सर्दी हळूहळू येते. आज घसा खवखवतो, उद्या नाक गळतं, परवा थोडा खोकला. माणूस नाक पुसत कामावर जातो. फ्लू झडप घालतो. रुग्ण वेळ सांगू शकतो : "दुपारी चारला ठीक होतो, सहाला हुडहुडी भरली." ताप, डोकेदुखी, कंबर आणि पाय प्रचंड दुखणं, कोरडा खोकला, घसा धरणं, आणि पलंगावरून उठवणार नाही इतका थकवा. लहान मुलांना उलट्या-जुलाबही होतात. विषाणू शरीरात गेल्यापासून एक ते चार दिवसांत, बहुतेकदा दोन दिवसांत, लक्षणं दिसतात. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस माणूस दुसऱ्याला तो देऊ शकतो, लहान मुलं त्याहून जास्त दिवस. म्हणून पाऊसवेडींच्या लेकाने आजीच्या गादीवर झोपू नये. तेवढं आजच बदला.

डेंग्यूत खोकला, सर्दी सहसा नसते. डोळ्यांच्या मागे खोल दुखतं, अंग दुखतं, अंगावर लालसर पुरळ येऊ शकतं. पण पहिल्या दोन दिवसांत दोन्ही सारखेच दिसू शकतात, मलाही खात्री देता येत नाही, म्हणून रक्त तपासतो. तोपर्यंत तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन नको, कारण डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. विषाणूच्या तापात लहान मुलांना अॅस्पिरिन तर कधीच देत नाहीत. त्याने यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा राय सिंड्रोम नावाचा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो.

आता या धाग्याचं जे शीर्षक आहे त्याबद्दल. ते मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण दोन्ही आजारांत घात ताप उतरतानाच होतो. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधे ताप खाली येतो आणि त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं ही तेव्हाची खूण. फ्लूत ताप उतरतो, एक-दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा ताप, वाढलेला खोकला, छातीत दुखणं, धाप. विषाणूने श्वासनलिकेचं अस्तर खरवडून ठेवलेलं असतं, त्यावर जिवाणू बसतात आणि न्यूमोनिया होतो. सुधारून पुन्हा बिघडलेला फ्लूचा रुग्ण त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा.

अप्पांचं जे झालं तेही नेहमीचं आहे. सत्तरीच्या पुढे ताप चढेलच असं नाही. घरच्यांना दिसतं ते एवढंच : जेवण सुटलं, झोप वाढली, बोलण्यात गोंधळ. त्यांचा फ्लू १००.२ चा होता म्हणून सौम्य नव्हता.

कातळावरचं घर · १० जुलै, सकाळी ९:०५

स्टेथो, तुमच्या यादीत आमच्याकडचं एक घाला. मी सिंधुदुर्गातला. सध्या लावणीचे दिवस, बायामाणसं दिवसभर गुडघाभर चिखलात. आमच्याकडे ताप आला, डोळे लाल झाले आणि पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखल्या, तर फ्लू समजून घरी बसत नाहीत. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार, असू शकतो. मुंबईत पुराच्या पाण्यातून चालत घरी गेलेल्यांनीही डॉक्टरांना ते स्वतःहून सांगावं. डॉक्टर विचारतीलच याची वाट बघू नये.

बाकी आजाऱ्याला खायला म्हणाल तर उकड्या तांदळाची पेज. मीठ घालून, कोमट, वाडग्यातून भुरके मारत. माझी आई तापात भाताचा आग्रह करायची नाही, दर दोन तासांनी अर्धी वाटी पेज आणून ठेवायची आणि गप्प बसायची. पोटात मीठ जातं, पाणी जातं आणि गिळताना घसा शेकतो. चवीला मिठातल्या आंब्याची फोड.

स्टेथो · १० जुलै, सकाळी ९:१५

लेप्टोचं बरोबर आहे, माझ्याकडून राहिलं. पेजेला माझा पूर्ण पाठिंबा. फक्त रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ बेताने.

गवतीचहा · १० जुलै, सकाळी ११:३०

आमच्याकडे फ्लूत आलं, गवती चहा, तुळस, चार मिरी आणि गूळ यांचा काढा. दिवसातून दोनदा. घशाला ज्येष्ठमधाची काडी. रात्री हळद घालून दूध. वाफारा तीन वेळा, पातेल्यात निलगिरीचे दोन थेंब टाकून, डोक्यावरून चादर घेऊन. आणि जाड गोधडी घेऊन झोपायचं. घाम फुटला की ताप पळतो. तीस वर्षं आम्ही हेच करतोय, गोळ्यांची गरज पडली नाही.

दोन मुलांची आई · १० जुलै, दुपारी १२:१०

गवतीचहा, काढा आम्हीही घेतो, बरं वाटतं. पण वाफेच्या पातेल्याबद्दल मला लिहिलंच पाहिजे. चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्याला, तेव्हा पाच वर्षांचा, मी असंच चादरीखाली बसवलं होतं. पातेलं पाटावर, तो मांडी घालून समोर. खोकल्याची उबळ आली, तो पुढे झुकला आणि चादरीचं टोक पातेल्याच्या कानात अडकलं. उकळतं पाणी दोन्ही मांड्यांवर. फ्लू पाच दिवसांत गेला, भाजल्याची ड्रेसिंग सहा आठवडे चालली. डाग अजून आहेत. हाफ पँट घालायला तो आजही तयार होत नाही.

मुलांना पातेल्याची वाफ देऊ नका. कोणीच देऊ नका. बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून दार लावून मुलाला मांडीवर घेऊन दहा मिनिटं बसलं तरी पुरतं. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात, ते घाला.

गवतीचहा · १० जुलै, दुपारी १२:४०

वाचून अंगावर काटा आला. माझी नात तीन वर्षांची आहे, तिला मागच्याच आठवड्यात मी तसं बसवलं होतं. यापुढे नाही बसवणार.

गोधडीबद्दल मात्र मला अजून पटवून द्या. घाम आल्यावर ताप उतरतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

स्टेथो · १० जुलै, दुपारी ३:५०

घाम येतो तो ताप उतरायला लागल्यामुळे. मेंदूने शरीराचं तापमान खाली आणायचं ठरवलं की घाम फुटतो. गोधडीने तो लवकर येत नाही, उलट उष्णता आत कोंडते, आणि तान्ह्या बाळाचा ताप त्याने वाढतो. हुडहुडी भरली असेल तेवढा वेळ पांघरूण जरूर द्या. ती थांबली की सुती कपडे, एक पातळ चादर, खिडकी उघडी. अंग पुसायचं तर कोमट पाण्याने. बर्फाच्या किंवा गार पाण्याच्या पट्ट्यांनी कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रुग्ण आणखी कुडकुडतो.

काढ्याला विरोध नाही. गरम पातळ पदार्थाने घशाला आराम पडतो, पाणी पोटात जातं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो. त्याहून मोठ्यांना रात्री झोपताना चमचाभर मध खोकल्यावर चांगला लागू पडतो. वेखंड उगाळून पोटात देण्याची पद्धत काही घरांत आहे, ती मात्र सोडा.

औषधवाली · १० जुलै, रात्री ९:३०

मी फार्मासिस्ट आहे, काउंटरच्या या बाजूने दिसतं ते लिहिते.

रोज कोणीतरी येऊन सांगतं, "ताप-सर्दीच्या गोळ्या द्या, तीन दिवसांच्या." घरी पॅरासिटामॉल सुरूच असतं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. मग ६५० ची एक, सर्दीच्या गोळीतली ५०० ची, अंगदुखीच्या गोळीतली ३२५ ची, असं एका वेळी पोटात जातं आणि माणसाला वाटतं मी तीन वेगवेगळी औषधं घेतोय. मोठ्या माणसाला चोवीस तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा. दारू घेणाऱ्यांनी, यकृताचा त्रास असणाऱ्यांनी त्याहून बरंच कमी, डॉक्टरांना विचारून. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचा. दिसत नसेल तर आम्हाला वाचायला सांगा.

लहान मुलांच्या सिरपात तर फारच घोळ होतो. बाजारात पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅ असंही मिळतं आणि ५ मिलीत २५० असंही. बाटल्या सारख्याच दिसतात. मुलाला डोस वजनावर, किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. म्हणजे १५ किलोच्या मुलाला एका वेळी १५० ते २२५. पहिल्या बाटलीतून ते साधारण ६ ते ९ मिली होतं, दुसरीतून ३ ते साडेचार मिली. "मागच्या वेळी दीड झाकण दिलं होतं" म्हणून दुसऱ्या बाटलीतून तेवढंच दिलं की दुप्पट झालं. घरातला चमचा मोजमापाला घेऊ नका, बाटलीसोबतचं माप किंवा सुईविना सिरिंज घ्या.

तान्ह्यांना आणि लहानग्यांना खोकल्याचं सिरप मागू नका. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची मुलं दूषित सिरपाने दगावली, त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. त्या वेळी केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखाली ती सहसा देऊ नयेत. मी नाही म्हटलं की लोक रागावतात, पुढच्या दुकानात जातात. मी तरीही देत नाही.

आणि अॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक. "तीन दिवसांचा कोर्स" हे शब्द लोकांना पाठ झालेत. फ्लू विषाणूचा आजार आहे, अँटिबायोटिक त्याच्यावर चालतच नाही. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराची साथ होती तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने अशी औषधं सरसकट देऊ-घेऊ नका म्हणून जाहीर आवाहन केलं होतं. अप्पांना न्यूमोनिया झाला तेव्हा जी अँटिबायोटिक्स लागली असतील, ती चालावीत म्हणून आज साध्या तापाला ती घ्यायची नाहीत.

जुना पुणेकर · ११ जुलै, सकाळी ७:४५

औषधवाली, प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावतोय.

मला ऑगस्ट २००९ आठवलं. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळकरी मुलगी, १४ वर्षांची. दोन दिवसांत शहर बदललं. शाळा बंद, थिएटरं बंद, रस्त्यावर प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल, रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी. नायडू रुग्णालयाबाहेर रांग. मी त्या रांगेत पावसात उभा होतो, १०१ ताप घेऊन. आत एका तरुण डॉक्टरने दोन मिनिटांत तपासलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही 'अ' गटात आहात. घरी जा, झोपा, कोणात मिसळू नका."

ती विभागणी सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमधली. मला आजही उपयोगी वाटते म्हणून आठवतं तसं सांगतो. बेताचा ताप, घसा, खोकला, अंगदुखी असेल तर 'अ' : चाचणी नको, घरी आराम, दिवसा-दोन दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा बघायचं. जोराचा ताप आणि घसा फार धरलेला, किंवा लक्षणं साधी असली तरी माणूस जोखमीचा, म्हणजे लहान मूल, गरोदर बाई, ६५ च्या पुढचे, मधुमेह, दमा, हृदय, किडनी वगैरे, तर 'ब' : घरीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध. आणि धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, बेडक्यातून रक्त, नखं निळसर, किंवा मूल दूध-पाणी तोडतंय, तर 'क' : थेट रुग्णालय.

अप्पा पहिल्या दिवसापासून 'ब' होते.

पाऊसवेडी · ११ जुलै, सकाळी ८:३०

काका, तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. खरं आहे. हे त्या वेळी आम्हाला माहीत असतं तर पहिल्याच दिवशी त्यांना नेलं असतं.

लेकाचा तिसरा दिवस. रात्री १०१, सकाळी ९९.४. पलंग वेगळा केलाय. लघवी काल पाच वेळा. मेतकूट-भात मागितला, चार घास खाल्ले. खोकला आहेच.

सासूबाईंचा घसा आज सकाळपासून खवखवतोय. ६८ वर्षं, रक्तदाब आहे. स्टेथो, ऑसेल्टामिविरबद्दल जरा सविस्तर लिहाल का?

स्टेथो · ११ जुलै, सकाळी ८:५०

आजच दाखवा. ते औषध विषाणूची वाढ रोखतं, त्यामुळे लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत सुरू केलं तर खरा फायदा. घरात नुकताच फ्लू झालेला मुलगा आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मोठ्यांना सहसा ७५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, पाच दिवस. किडनीचं काम कमी असेल तर डोस बदलतो, म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नये. मळमळ होऊ शकते, खाऊन घेतलं की कमी होते. धडधाकट तरुणाला बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

मोहफूल · ११ जुलै, रात्री १०:२०

मी गडचिरोली जिल्ह्यात गटप्रवर्तक आहे, आशाताईंसोबत काम करते. इथे गावात ऑक्सिमीटर नसतो, नेटवर्क नसतं, पावसाळ्यात नाला भरला की रस्ताही नसतो. आमचं सगळं काम श्वास मोजण्यावर आहे, म्हणून तेवढंच लिहिते.

मूल शांत असताना, झोपेत असेल तर उत्तमच, अंगातला कपडा वर करायचा आणि पोटाकडे बघायचं. पोट वर आलं, खाली गेलं, एक. पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करायचे नाहीत, बाळाचा श्वास मधेच थांबतो, मधेच पळतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हे जलद झालं. मूल रडत असेल तर मोजू नये, जवळ घेऊन शांत करून मग. मोजून झाल्यावर बरगड्यांच्या खाली बघायचं. श्वास आत घेताना तिथे खळगा पडत असेल तर आकडा कितीही असो, गाडी बोलवायची. १०८ ला फोन.

आमच्या भागात हे काम जुनं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९८८ च्या सुमारास गावातल्या माणसांना, सुईणींना बालन्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्या सुईणींना चाळीस-पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी मणी सरकवायची पाटी आणि वाळूचं घड्याळ केलं होतं. मिनिट संपायच्या आत मणी संपले की श्वास जलद. तुमच्या सगळ्यांच्या खिशात सेकंद दाखवणारा फोन आहे. मोजा.

चिंचेचं झाड · ११ जुलै, रात्री १०:४५

आत्ता माझ्या मुलीचे मोजले. झोपलीये, तीन वर्षांची, २६. मोहफूलताई, हे मला कोणी आजवर शिकवलं नव्हतं. मनापासून आभार.

थेम्सकाठी · १२ जुलै, पहाटे ३:१०

लंडनहून. इथे फ्लूचा हंगाम हिवाळ्यात, त्यामुळे लस शरद ऋतूत देतात. शाळेत मुलांना नाकात फवारा मारून, ६५ च्या पुढच्यांना आणि गरोदर बायकांना मोफत. फ्लूसाठी डॉक्टरकडे गेलं तर तपासून घरीच पाठवतात : झोपा, पाणी प्या, पॅरासिटामॉल घ्या. पहिल्या वर्षी मला राग आला होता, की इंजेक्शन नाही, काही नाही. आता कळतं.

माझे आईवडील साताऱ्याला एकटे असतात. त्यांना लस कधी द्यायची? इथल्यासारखी ऑक्टोबरात?

स्टेथो · १२ जुलै, सकाळी ६:३०

महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या आसपास. म्हणून आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी घेतलेली बरी. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. विषाणू रूप बदलतो, लसही दरवर्षी बदलते, त्यामुळे दरवर्षी घ्यावी लागते. सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण रुग्णालयापर्यंत जाण्याची शक्यता बरीच कमी होते. तुमच्या आईवडिलांनी यंदा घेतली नसेल तर आताही घ्यावी, हंगाम अजून बराच आहे. आणि रोज एक व्हिडिओ कॉल करा, त्यांना पूर्ण वाक्य बोलू द्या. वाक्याच्या मधे श्वास घ्यायला थांबतायत का ते पडद्यावरही दिसतं.

कातळावरचं घर · १३ जुलै, दुपारी २:००

पाऊसवेडी, सासूबाई कशा आहेत?

पाऊसवेडी · १३ जुलै, रात्री ११:३५

त्याच दिवशी, ११ तारखेला, दुपारी दाखवलं. संध्याकाळी त्यांना १०१.८ ताप आला, पण तोवर ऑसेल्टामिविरची पहिली गोळी पोटात गेली होती. काल दिवसभर कण्हत होत्या. मला जवळ येऊ देत नव्हत्या, "तुला परत होईल" म्हणून. मी मास्क लावून बसले. मिठाच्या गुळण्या, पेज, दर दोन तासांनी. अप्पांना नणंदेकडे पाठवलंय. त्यांनी मे महिन्यात लस घेतली आहे, तरी नको.

आज पहाटे चारला सासूबाईंच्या खोलीतून आवाज आला म्हणून गेले. बसून होत्या. "झोप लागत नाही, बाकी काही नाही." दिवा लावला, शेजारी बसले, फोन बघत असल्यासारखं करून त्यांचे श्वास मोजले. १८. बोटाला ऑक्सिमीटर, हात गार होते म्हणून चोळून मग लावला. ९६. आजचा वार विचारला, बरोबर सांगितला, वर "मला काय झालंय?" म्हणून रागावल्या. मला त्या रागाने फार बरं वाटलं. मग आम्ही दोघींनी गवती चहा केला. गवतीचहा, तुमच्या पद्धतीने, मिरी घालून.

गवतीचहा · १४ जुलै, सकाळी ७:१०

माझाही एक कप ठेवा तिथे. सासूबाईंना सांगा, इकडून एक आजी विचारत होती.

पाऊसवेडी · १६ जुलै, सकाळी ९:२०

लेक आज शाळेत गेला. चोवीस तासांहून जास्त वेळ गोळीविना ताप नाही, म्हणून पाठवला. डब्यात पोहे.

सासूबाईंचा ताप काल दुपारी उतरला. अप्पा फोनवर म्हणाले, "उतरला ना, मग येतो मी आता घरी." मी त्यांना आणखी दोन दिवस थांबायला सांगितलंय, आणि कारण त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

कॅलेंडरवर आजच्या चौकटीत लिहिलंय : दूध दीड लिटर. आई ९८.४. श्वास १६. ऑक्सिजन ९७. लघवी सकाळपासून २. पेज एक वाडगा, मिठातल्या आंब्यासोबत. उद्याच्या आणि परवाच्या चौकटीत फक्त "आई" एवढं लिहून जागा मोकळी ठेवली आहे.